धक्का नाही, तरी एअरबॅग उघडेल?

प्रश्न : आम्ही गेल्या मार्चमध्ये सेकंडहँड गाडी घेतली, 2017 चं मॉडेल. मी रोज ती घेऊन चिपळूणहून सावर्ड्याला शाळेत जाते. पंधरा दिवसांपासून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो, एखाद दिवस आपोआप जातो, पुन्हा लागतो. त्यात शेजारच्या काकांनी सांगितलं, की त्यांच्या भाच्याच्या गाडीत रात्री महामार्गावर कशालाही न धडकता एअरबॅग उघडली. तेव्हापासून स्टेअरिंगसमोर बसायची भीती वाटते. माझी उंची पाच फूट, त्यामुळे सीट पुढे ओढून बसावं लागतं. मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला पुढेच बसायचं असतं. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "ताई, फ्यूज काढून टाकतो, कटकट मिटेल." धडक न होता एअरबॅग खरंच उघडू शकते का? फ्यूज काढू का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, फ्यूज काढू देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो, पण हे आधी.

आता तुमचा प्रश्न. हो, उघडू शकते. फार क्वचित, पण उघडते. "असं कधी होतच नाही" असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. 2011 साली माझ्या कराडच्या गॅरेजात एक मुलगा काम शिकत होता. एका गाडीचा हॉर्न वाजत नव्हता, म्हणून त्यानं स्टेअरिंगखालचं कव्हर काढलं आणि करंट येतोय का ते बघायला टेस्ट लॅम्पची सुई समोर दिसलेल्या पिवळ्या कनेक्टरमध्ये घातली. बंदुकीसारखा आवाज झाला. मी धावत गेलो तेव्हा आत पांढरी धूळ भरली होती आणि तो मनगट धरून बसला होता. मनगटाचं हाड मोडलं होतं. तोंड बाजूला होतं म्हणून डोळे वाचले.

पिवळं कनेक्टर म्हणजे एअरबॅगची वायर. पिशवी फुगवणारं रसायन पेटवणाऱ्या आतल्या ठिणगीला एक-सव्वा अँपिअर करंट क्षणभर मिळाला तरी पुरतो, आणि टेस्ट लॅम्पमधून तेवढा सहज जातो. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत काही मिनिटं थांबायचं आणि मगच हात लावायचा, हे मी त्या मुलाला शिकवलेलं नव्हतं. चूक माझी होती. त्यानंतर माझ्याकडे पहिल्या दिवशी पहिला धडा हाच असतो.

पण ते कव्हर उघडलेल्या गाडीत चुकीच्या जागी हात घातल्यामुळे झालं. तुम्हाला भीती आहे ती चालत्या गाडीची. त्यासाठी एअरबॅग ठरवते कशी ते समजून घ्या.

बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, मधल्या उंचवट्यावर, एक छोटी डबी घट्ट बोल्ट केलेली असते. तेच कंट्रोल युनिट. गाडीचा वेग किती झपाट्यानं कमी होतोय हे त्यातला सेन्सर सतत मोजत असतो. अनेक गाड्यांत पुढे रेडिएटरजवळही सेन्सर असतात. कोरड्या रस्त्यावर तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबलात, तरी गाडीला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या एक पटीच्या आसपास राहतो. जोराच्या धडकेत तो वीस-तीस पट होतो. म्हणून नुसत्या ब्रेकनं एअरबॅग उघडत नाही. ताशी साधारण 20 किलोमीटरनं पक्क्या भिंतीवर गाडी आदळली, तर जो झटका बसेल त्याच्या आगेमागे पुढच्या एअरबॅग उघडण्याची हद्द ठरवलेली असते. आणि एका सेन्सरच्या सांगण्यावर युनिट विसंबत नाही, दुसऱ्याकडूनही खात्री करून घेतं. हा सगळा निर्णय सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. पंधरा ते तीस भागांत निकाल लागतो आणि पन्नास भागांच्या सुमारास पिशवी भरलेली असते. पापणी लवायला याहून दुप्पट वेळ लागतो.

काकांच्या भाच्याची गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा तिच्याबद्दल नक्की बोलणार नाही. पण "कशालाच धडकलो नाही" म्हणत माझ्याकडे आलेल्या गाड्या मी लिफ्टवर चढवल्या आहेत. एकदा उंब्रजकडून रात्री आलेले एक गृहस्थ शपथेवर सांगत होते, की रस्ता मोकळा होता. गाडी वर घेतली, तर पुढच्या चाकांमधल्या लोखंडी आडव्या पट्टीवर हातभर लांब ताजा घाव आणि त्यात सिमेंट भरलेलं. रस्त्याच्या कामावर पडलेल्या काँक्रीटच्या तुकड्यावर गाडी खालून आपटली होती. बोनेटला ओरखडा नव्हता, दिवे शाबूत होते. पण त्या पट्टीला बसलेला दणका थेट मधल्या डबीपर्यंत पोहोचला, आणि डबीच्या दृष्टीनं ती धडकच होती. अमेरिकेत 1990 च्या दशकातल्या काही गाड्यांत ही हद्द इतकी हलकी ठेवलेली होती, की तळाला काही आपटलं तरी एअरबॅग उघडायची. त्या गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे दुभाजकाची टोकं, न रंगवलेले गतिरोधक आणि पुलाच्या सांध्यावरचे खड्डे असताना भाच्याच्या बाबतीत मी आधी गाडीचा तळ बघेन.

कशालाच न आपटता, निव्वळ दोषामुळे उघडल्याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. 2002 ते 2004 च्या सुमाराच्या काही जीप, होंडा ओडिसी, टोयोटा कोरोला अशा गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये एका चिपला गाडीतल्याच विजेच्या गोंगाटानं इजा होत होती, आणि चालत्या गाडीत एअरबॅग उघडत होत्या. आधी एक दुरुस्ती करून दिली. दुरुस्त केलेल्या काही गाड्यांतही तेच झालं. शेवटी 2015 च्या जानेवारीत सुमारे 21 लाख गाड्या पुन्हा परत बोलावल्या. यातली माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट ही, की काही गाड्यांत उघडण्याआधी डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागलेला होता. तो लागला की नेहमी असंच होतं, असा याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा उलटंच होतं, म्हणजे बिघाड सापडला की यंत्रणा गप्प बसते आणि गरजेच्या क्षणी उघडत नाही. मारुती सुझुकीनं 2023 च्या जानेवारीत 17,362 गाड्या परत बोलावल्या त्या याच शंकेवरून, की कंट्रोलर बिघडला तर एअरबॅग उघडणार नाही. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी तो दिवा लागलेला असताना गाडी चालवत राहणं मला पटत नाही.

उन्हाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोकणातून येणारे बरेच जण विचारतात. उन्हात उभ्या गाडीत साठ-सत्तर अंश होतात. आतली रसायनं पेटायला त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. किल्ली काढलेली असली की कंट्रोल युनिटही झोपलेलं असतं. तेव्हा घरासमोर उभी गाडी उन्हानं फुटेल ही चिंता सोडा. तकाता कंपनीच्या एअरबॅगची गोष्ट वेगळी. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या दमट उष्णतेनं खराब होत गेलं आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचं नळकांडंच फुटून तुकडे अंगात घुसले. त्यांच्या रिकॉलमध्ये, म्हणजे परत बोलावलेल्या गाड्यांत, भारतातल्याही गाड्या होत्या. कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचा चेसिस नंबर टाकून आपली गाडी कुठल्या रिकॉलमध्ये आहे का, ते आज रात्रीच बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमची गाडी. पत्र वाचताना मी "चिपळूण" आणि "2017" या दोन शब्दांवर थांबलो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. 2019 च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरच्या गाड्या माझ्याकडे कित्येक महिने येत होत्या. सीट धुऊन, अत्तर मारून विकलेल्या. मघाशी सांगितलेली ती डबी गाडीच्या अगदी तळाशी असते, सीटच्या कुशनपर्यंत पाणी यायच्या आधीच ती बुडते. वाळवली की चालूही होते. दोन-तीन वर्षांनी आत हिरवट गंज चढतो आणि दिवा असाच लागतो-जातो, लागतो-जातो. तुमची गाडी बुडालेलीच आहे असं मी म्हणत नाही. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढून बघा, तिथे मातीची रेघ दिसते का. सीट पूर्ण मागे सरकवून रुळांवर गंज आहे का ते बघा. गालिचाचा कोपरा उचलून वास घ्या. पूर लपवणारे लोक बेल्टचं टोक धुवायला विसरतात. खुणा सापडल्या तर ते युनिट दुरुस्त करायचं नाही, नवंच बसवायचं.

खुणा नसतील तर कारण बरंच साधं असू शकतं. दिवा सीट पुढे-मागे केल्यावर लागायला लागला का, ते आठवा. सीटखाली पिवळी कनेक्टरं असतात. तिथे छत्री, पाण्याची बाटली अडकली की ती ढिली होतात. हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलंय. दुसरं, स्टेअरिंग वळवताना दिवा लागतो का आणि हॉर्न मधेच जातो का? तसं असेल तर स्टेअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टेअरिंगमधल्या एअरबॅगला आणि हॉर्नला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी, तुटत आलीय. मात्र सीटखाली तुम्ही स्वतः हात घालू नका. स्कॅनर लावून युनिटनं साठवलेला बिघाडाचा कोड वाचला की दहा मिनिटांत कळतं.

मेकॅनिकला रागावू नका, त्याला तुमची अडचण मिटवायची आहे. पण फ्यूज काढला तर एअरबॅग तर मरतेच, अनेक गाड्यांत धडकेच्या क्षणी सीटबेल्ट आवळून धरणारी यंत्रणाही त्याच युनिटवर असते, तीही जाते. काही जण कनेक्टरमध्ये रेझिस्टर, म्हणजे एअरबॅग ठीक आहे असं युनिटला भासवणारा छोटा भाग, बसवून दिवा विझवतात. ते तर त्याहून वाईट, कारण मग गाडी तुमच्याशी खोटं बोलते. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून गेलाच पाहिजे. तो कधी लागतच नसेल, तर कुणीतरी त्याच्याशी खेळलंय असं समजा.

तुमच्या उंचीचा प्रश्न खरा आहे. छातीच्या हाडापासून स्टेअरिंगच्या मध्यापर्यंत किमान 25 सेंटिमीटर अंतर हवं. घरातली शाळेची पट्टी घ्या आणि मोजा. सीट एक-दोन खाच मागे घ्या, पाठ थोडी कलती करा, सीट वर उचलता येत असेल तर उचला, स्टेअरिंग खाली करता येत असेल तर त्याचा रोख तोंडाकडून छातीकडे आणा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर ठेवा. हॉर्नवर तळवा ठेवून चालवायची सवय असेल तर मोडा. एअरबॅग तळव्याखालूनच उघडते. समोरच्या सीटपुढे डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेला असेल, तर नमस्कार करून तो एअरबॅगच्या झाकणावरून बाजूला, दुसऱ्या जागी बसवा.

आणि मुलीला उद्यापासून मागे बसवा. 2024 च्या डिसेंबरात वाशीत समोरच्या गाडीच्या अपघातात मागच्या गाडीची एअरबॅग उघडली आणि पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला. त्या एअरबॅगमध्ये काही दोष नव्हता. ती मोठ्या माणसाच्या मापानं बनवलेली होती. मी ती बातमी वाचली त्या दिवशी गॅरेजात पुढे मूल बसवून आलेल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, अजूनही सांगतो. मुलगी रडेल. रडू द्या. मागे बूस्टर सीट घ्या, म्हणजे तिला खिडकीतून दिसेल आणि बेल्ट मानेवर न येता खांद्यावर बसेल.

चिपळुणात कोड वाचणारा कुणी मिळाला नाही, तर एखाद्या रविवारी कुंभार्ली घाट चढून कराडला या. बॅटरी, फ्यूज कशालाही हात न लावता, दिवा जसा लागतोय तशीच गाडी आणा, नाहीतर साठलेला कोड पुसला जाऊ शकतो. घाटात सीट मागे घेतलेलीच ठेवा.