पेंग्विन नको, डाग शोध

खानापुरात बसून अंटार्क्टिकाचा अभ्यास होतो का, असं विचारलंस. होतो की! लँडसॅट आणि सेंटिनेल उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात.

पण चित्रात पेंग्विन शोधत बसू नकोस, त्यांची विष्ठा शोध. सेंटिनेल-२ चा बारीकात बारीक पिक्सेल १० मीटरचा, त्यात एकटा पक्षी दिसणारच नाही. हजारो पक्षी एका जागी राहिले की बर्फावर तपकिरी डाग पडतो, तो मात्र दिसतो. २००९ मध्ये एम्परर पेंग्विनच्या नव्या वसाहती लँडसॅटमधून अशाच सापडल्या. अंटार्क्टिकाजवळच्या डेंजर बेटांवरच्या अ‍ॅडेली जातीच्या पेंग्विनचा सुगावाही अशा डागांवरूनच लागला. २०१८ मध्ये आकडा जाहीर झाला, साडेसात लाखांवर जोड्या! मोजणी मात्र तिथं जाऊन, ड्रोन उडवून केलेली. म्हणून नुसत्या डागावरून संख्या ठोकून देऊ नकोस, हे मी कळकळीनं सांगतोय.

ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे, नवीन माणूस इथंच फसतो. सेंटिनेल-२ चा बँड ११ लाव, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड प्रकाशातलं चित्र: बर्फ काळवंडतो, पाण्याच्या थेंबांचे ढग उजळच राहतात.

ध्रुवीय रात्रीत उजेडच नसतो, तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार वापर; ते स्वतःच लहरी सोडतं, त्याला उजेड लागत नाही. त्याचा सराव पावसाळ्यात बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयावर कर. ढगांतूनही शांत पाणी काळं दिसेल, वारा सुटला की तेच उजळेल. हा फरक नजरेत बसल्यावरच समुद्रबर्फाच्या चित्रांना हात घाल.