मोठं हॉस्पिटल दीड तासावर असेल तर छोटं सामुदायिक रुग्णालय हवंच कशाला?

तुमचं म्हणणं असं की रस्ता चांगला आहे, अँब्युलन्स चांगली ठेवली की झालं, मग छोट्या रुग्णालयावर पैसा कशाला घालवायचा? मी अशाच एका छोट्या रुग्णालयात फिजिशियन आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. ते धरूनच वाचा.

हार्ट अटॅकचं बघा. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी (गुठळीने बंद झालेली हृदयाची रक्तवाहिनी आतून उघडणं) होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे तिथेच द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं, अशी उपचारांची पद्धतच ठरलेली आहे. दीड तासाच्या प्रवासात गाडी यायचा आणि तिकडे कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, तयार व्हायचा वेळ जोडा. १२० मिनिटं केव्हाच उलटतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर गर्भाशय आकुंचित करणारं ऑक्सिटोसिन तिथल्या तिथे लागतं, आणि रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड ३ तासांच्या आत, तेही जितकं लवकर तितकं बरं. यातली बरीचशी औषधं साधीच आहेत. रात्री दोन वाजता काय चाललंय ते ओळखून ती देणारं माणूस मिळणं अवघड.

अर्धांगवायूची गोष्ट नेमकी उलटी. तिथेही गुठळीवरचं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, पण मेंदूत रक्तस्राव नाही हे आधी सीटी स्कॅन करून बघावं लागतं. स्कॅन नसलेल्या ठिकाणी पेशंटला सलाईन लावून ठेवून घेणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. रक्तातली साखर तपासायची (ती फार खाली गेली तरी हुबेहूब अर्धांगवायूसारखं दिसतं), पुढे फोन करायचा आणि लगेच रवाना करायचं. कोणाला थांबवायचं आणि कोणाला पळवायचं हे अचूक ठरवता येणं, माझ्या मते आमच्यासारख्या रुग्णालयाचं खरं काम हेच.

दुसरी बाजू परतीची, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. डायालिसिस बहुतेकांना आठवड्यातून ३ वेळा लागतं, दर वेळी साधारण ४ तास. त्यात दीड तास जायचं आणि दीड तास यायचं धरा. आठवड्यातले तीन दिवस असे गेले तर पेशंटची नोकरी टिकत नाही, सोबत येणाऱ्याचीही नाही. मग एखादी खेप चुकते, पुढे चुकतच जाते, आणि पेशंट थेट धाप लागलेल्या अवस्थेत दाखल होतो. म्हाताऱ्या माणसांचंही असंच. तातडीचे उपचार मोठ्या ठिकाणी झाल्यावर सावरण्यासाठी त्यांना जवळच्या सामुदायिक रुग्णालयात हलवलं, तर पुढे ती रोजच्या कामांत जास्त स्वावलंबी राहतात, असं ब्रिटनमधल्या २००७ च्या एका चाचणीत दिसलं होतं.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा. ओपन हार्टसारखी काही मोठी ऑपरेशन्स जिथे जास्त संख्येने होतात तिथे मृत्यूचं प्रमाण कमी असतं, हे १९७९ पासून अभ्यासांत मांडलं गेलंय. तेव्हा ‘आमच्याकडेही सगळं होतं’ अशी पाटी लावायची हौस छोट्या रुग्णालयांनी करू नये, आणि लोकांनीही ती पुरवू नये. अशा हौसेवर होणारा खर्च तुम्ही खुशाल बंद करा.

पण खर्च योग्य आहे का हे ठरवताना नुसत्या भरलेल्या खाटा मोजू नका. रात्री ईसीजी वाचणारं कोणी असतं का, रक्ताची सोय कुठून होते, पुढे पाठवताना कोणी आधी फोन करतं का, हे विचारा. आणि मोठ्या हॉस्पिटलमधून डिस्चार्जचे कागद परत कसे येतात तेही विचारा. आमच्याकडे बऱ्याचदा ते पेशंटच्या पिशवीत चुरगळून येतात, औषधाचा डोस नेमका घडीवर पुसलेला असतो, आणि मग तिकडच्या वॉर्डात फोन लावण्यात माझी अर्धी ओपीडी जाते.