'शॅम्बल्स'चा एस छाटू नका

ब्रिटिश विनोदी मालिका पाहून इंग्रजी सुधारणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'इट्स अ शॅम्बल्स' (सगळा बोजवारा उडालाय) या वाक्यात शेवटी अनेकवचनाचा एस असताना आधी 'अ' कसा? आणि 'ऑम्निशॅम्बल्स' हा खरा शब्द आहे का?

रूप अनेकवचनी, वापर एकवचनी. 'अ क्रॉसरोड्स' तसेच हे. पण मालिका पाहणारी मंडळी तो एस गाळून 'टोटल शॅम्बल झालाय' म्हणतात, ते साफ चूक. 'शॅम्बल' म्हणजे पाय फरफटत चालणे.

'ऑम्निशॅम्बल्स' खराच. 'द थिक ऑफ इट' या ब्रिटिश राजकीय विनोदी मालिकेतला माल्कम टकर २००९ मध्ये तो एका मंत्रीणबाईंच्या तोंडावर फेकतो. २०१२ मध्ये विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी तो सरकारच्या अर्थसंकल्पासाठी संसदेत वापरला आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याला वर्षाचा शब्द ठरवले. काही शुद्धतावादी नाक मुरडतात: 'ऑम्नि' (म्हणजे सर्व) लॅटिन, 'शॅम्बल्स' अस्सल इंग्रजी, म्हणजे धेडगुजरी जोड. यांनी कोश नीट उघडलेला नाही. 'शॅम्बल्स'चे मूळही लॅटिनच! 'स्कॅमेलम' म्हणजे छोटे बाक. ते प्राचीन इंग्रजीत शिरले. मग बाकाचे विक्रीचे टेबल झाले, त्यावरून खाटकाची मांस मांडायची फळी. अशा फळ्यांचा मिळून मांसबाजार, म्हणूनच अनेकवचन. पुढे अर्थ कत्तलखान्यावर गेला, तिथून रक्तपातावर आणि शेवटी नुसत्या बोजवाऱ्यावर. यॉर्क शहरात 'द शॅम्बल्स' ही खाटकांची जुनी गल्ली आजही आहे, दुकानांपुढच्या मांस मांडायच्या रुंद फळ्यांसकट.

आता खरी गंमत. 'स्कॅमेलम' हे 'स्कॅम्नम' म्हणजे बाक या शब्दाचे छोटेपणा दाखवणारे रूप, आणि त्याचा धातू आधार देणे या अर्थाचा, संस्कृत 'स्कंभ'चा सख्खा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. अथर्ववेदात विश्वाला पेलणाऱ्या स्कंभाचे अख्खे सूक्त आहे. माझ्या मते आपला खांब तिथूनच आला. प्राकृतचे व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्रांनी 'स्तंभ'चा 'खंभ' होतो असा खास नियम दिला आणि सगळे 'स्तंभ'च घोकतात. हेमचंद्र थोर वैयाकरण, पण इथे त्यांचे पटत नाही. आरंभीच्या 'स्त'चा 'थ' होतो: स्तोकचे थोडे. 'स्क'चा 'ख' होतो: स्कंधचा खांदा. मग 'स्कंभ' समोर उभा असताना एकट्या 'स्तंभ'साठी अपवाद कशाला? टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशातही खांब 'स्कंभ'खालीच सापडतो. म्हणजे टकरच्या शिवीतले शॅम्बल्स आणि आपल्या ओसरीचे खांब एकाच कुळातले.

वाचकाने 'अ कम्प्लीट शॅम्बल्स' खुशाल म्हणावे. 'ऑम्निशॅम्बल्स'च्या आधी मात्र 'अॅन' लागेल, आणि नोकरीच्या अर्जात तो नको.