वडील नाहीत म्हणून मुलगा गप्प झालाय का?

एकट्या आयांकडून हा प्रश्न मला सारखा येतो, की बापाचा धाक नाही म्हणून पोरगा हाताबाहेर चाललाय का. मागे एक ताई आल्या होत्या (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत), नवरा जाऊन चार वर्षं, शिफ्टची नोकरी, मुलगा दहावीत. दार लावून बसतो, काही विचारलं की "काही नाही", रात्री साडेबारापर्यंत जागा. मग ह्या घरी आल्या आल्या आधी त्याचा मोबाईल चेक करायच्या, क्लासच्या सरांना दर आठवड्याला फोन.

झोपेचं मी लगेच सांगितलं, या वयात मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) उशिरा सुटतं त्यामुळे झोपच उशिरा येते, सगळं खापर मोबाईलवर फोडू नका (थोडं फोडा!). पण दुखणं भलतंच निघालं. मुलगा एकटा आला तेव्हा बराच वेळ बुटाची लेस ओढत बसला, मग म्हणाला, "बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले आता तूच घरातला पुरुष, आईला सांभाळ. मग गणितात नऊ पडले हे तिला कसं सांगू, तिला बीपी आहे."

अकरा वर्षांच्या पोराला हे सांगणारे नातेवाईक मला भेटले ना... जाऊ दे.

ताईंना म्हटलं, घराचा हप्ता, तुमचं बीपी, हे माझं मी बघते असं त्याला स्पष्ट सांगा, आणि एकदा सांगून भागणार नाही. समोर बसवून चौकशी नको, स्कूटीवर मागे बसल्यावर किंवा भाजी निवडताना ही मुलं जास्त बोलतात. हां, खाणंपिणं सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर मात्र थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट.

पुढच्या वेळी आल्या त्या हसतच. रविवारी दोघांनी 'हेलिकॉप्टर ईला' बघितला, 2018 चा, त्यात काजोल मुलाच्याच कॉलेजात ॲडमिशन घेते. हा म्हणे, "आई, फक्त हे करू नकोस." आणि रात्री गणिताचा पेपर सहीला आणून दिला.

"वीसपैकी नाही हो मॅडम, चाळीसपैकी नऊ!"

मोबाईल अजून बघता का विचारलं, तर म्हणाल्या, कधीकधी.