वाचक विचारतात : टीव्हीचा आवाज जुन्या रिसिव्हरवर येईना

प्रश्न : नमस्कार सर, मी परभणीहून लिहितोय. दिवाळीत ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, चित्र एकदम झक्कास पण आवाज म्हणजे कोणीतरी माठात तोंड घालून बोलतंय असा. घरात वडिलांचा जुना रिसिव्हर (स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायरचा डबा) आहे, औरंगाबादेतून आणलेला (तेव्हा औरंगाबादच होतं), सोबत दोन मोठे लाकडी स्पीकर, अजून ठणठणीत वाजतात. टीव्हीच्या खोक्यात लाल-पांढरी-पिवळी वायर निघाली, तिच्यातल्या लाल-पांढऱ्या पिना रिसिव्हरच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकांना) घातल्या तर ढिम्म आवाज नाही. दुकानदार म्हणतो हे भंगारात द्या अन साउंडबार न्या. काय करू?

उत्तर : भंगारात बिलकुल देऊ नका भाऊ! पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच राहिली नाही, बारके स्पीकर तळाशी नाहीतर पाठीमागं तोंड करून बसवतात, म्हणून तो माठातला आवाज. तुमच्या लाकडी डब्यांपुढं स्वस्तातला साउंडबार काय टिकणार.

चूक एवढीच झाली की ती तीन रंगांची वायर टीव्हीत आवाज-चित्र आत घ्यायची आहे, डीव्हीडी किंवा जुना सेटटॉप बॉक्स लावायला. तिच्यातून बाहेर काहीच येत नाही. म्हणजे टीव्हीच्या मागं बॅटरी मारून आधी ‘आउट’ कुठं लिहिलंय ते बघा.

हेडफोनचं भोक असेल तर काम स्वस्तात झालं, एका टोकाला हेडफोनची पिन अन दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी अशी वायर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. हेडफोन नसेल तर ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं छोटं चौकोनी भोक शोधा, टीव्ही चालू असताना त्यात बहुतेक वेळा बारीक लाल उजेड दिसतो. तुमच्या रिसिव्हरला ऑप्टिकल नसणार, म्हणून मधे एक काडीपेटीएवढी डबी लागते, डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. दुकानात नाव नीट वाचून घ्या कारण उलट्या कामाची, अ‍ॅनालॉग टू डिजिटल, हुबेहूब तशीच दिसणारी डबी पण मिळते, मी स्वतः एकदा ती घरी आणून अख्खा रविवार घालवलाय. ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना बारीक प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या काढा, अन वायर जास्त वाकवू नका.

आता महत्त्वाचं. टीव्हीच्या साउंड सेटिंगमधे डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (म्हणजे साधा, न आवळलेला आवाज) करा. ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर राहिलं तर टीव्ही डॉल्बी पद्धतीनं आवळलेला आवाज पाठवतो, तो या स्वस्त डब्यांना कळत नाही, मग एकतर शांतता नाहीतर खरखर. रिसिव्हरला वायर ऑक्स, सीडी किंवा टेपच्या ‘इन’ला लावा, ‘फोनो’ला मात्र चुकूनही नाही, ते रेकॉर्ड प्लेयरचं, तिथं आवाज फाटून येतो. अन ऑप्टिकलवर सहसा टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त होत नाही, उठून रिसिव्हरचं बटन फिरवावं लागेल, वडिलांना सांगून ठेवा.

प्रश्न : लातूरहून. माझ्या रिसिव्हरला एचडीएमआय आहे, टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून वायर काढून रिसिव्हरच्या एचडीएमआय इनला लावली. आवाज नाही.

उत्तर : इथं वरचं सगळं उलटं! एआरसीत तीच वायर टीव्हीला चित्र देते अन त्याच वायरनं टीव्हीचा आवाज माघारी येतो, म्हणून रिसिव्हरच्या बाजूला ती ‘आउट’ लिहिलेल्या पोर्टला लागते, जिथं शेजारी एआरसी लिहिलंय तिथंच. मग दोन्हीकडं सीईसी (एचडीएमआयच्या वायरवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू करा, टीव्हीत त्याचं नाव वेगळं सापडेल, सॅमसंगमधे अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. टीव्हीचं साउंड आउटपुटही एआरसीवर टाका. अन रिसिव्हर २००९ च्या आधीचा असेल तर एआरसी त्यात नसणारच, ते त्या साली एचडीएमआय १.४ सोबत आलं, तेव्हा सरळ ऑप्टिकल लावा.

प्रश्न : अंबाजोगाई. लाल-पांढऱ्या वायरनं आवाज येतो पण सोबत सतत घूंऽऽ. स्पीकर गेले का?

उत्तर : स्पीकर बरे असतील. आधी केबलवाल्याची वायर टीव्ही किंवा बॉक्समधून काढून बघा. घूं थांबलं तर केबलची अन घरातली आर्थिंग एकमेकांत भिडतेय. ऑप्टिकल लावलं की बहुतेक वेळा हे मिटतं कारण त्यातून वीज नाही, फक्त उजेड जातो. कोणी म्हणेल प्लगची जाड पिन तोडून टाका, तसलं काही करू नका, शॉक बसला तर ती पिनच वाचवते. उलट उन्हाळ्यात आर्थिंगच्या खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी सोडत चला, आपल्याकडची माती मे महिन्यात पार भेगाळते.