वाचकांचे प्रश्न : चार ट्राय करूनही हार कशी?

प्रश्न : पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्यावर चिखलातली रग्बी बघायला जातो. इंग्लंडचा क्रिकेट कर्णधार अँड्र्यू स्टॉडर्ट रग्बीतही कर्णधार होता म्हणे. पण १८८५ ते १८९३ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय सामने अवघे १०! आणि १८९३ला कार्डिफमध्ये इंग्लंडचे ट्राय ४, वेल्सचे ३. तरी वेल्स १२-११ने जिंकलं. हे गणित काय आहे?
– एक वाचक, परळ

उत्तर : आधी गुण. त्या मोसमात ट्रायला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) २, कन्व्हर्जनला (ट्रायनंतर गोलखांबांमधून मारायची किक) ३ आणि पेनल्टीलाही (समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळणारी तशीच किक) ३ गुण होते. इंग्लंडच्या ४ ट्रायचे झाले ८, स्टॉडर्टने मारलेल्या एकमेव कन्व्हर्जनचे ३, एकूण ११. वेल्सच्या ३ ट्रायचे ६, एका कन्व्हर्जनचे ३ आणि बॅन्क्रॉफ्टच्या पेनल्टीचे ३, झाले १२. आज ट्रायला ५ आणि कन्व्हर्जनला २ गुण मिळतात, म्हणजे तोच सामना इंग्लंडने २२-२० असा मारला असता. मैदान इतकं गोठलं होतं की आदल्या रात्री त्यावर कोळशाच्या शेगड्या पेटवून ठेवाव्या लागल्या. आपल्याकडच्या चिखलाचं कौतुक जरा बेतानंच करावं!

आता ते १० सामने. इंग्लंडला तेव्हा मोसमात साधारण तीनच सामने मिळत : वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड. १८८८ आणि १८८९ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळात सामील होण्यावरून या तिघांशी बिनसलं आणि तेही बंद पडले. १८९२ला स्टॉडर्ट क्रिकेटसाठी ऑस्ट्रेलियात होता. १८८८ मध्ये तर तो क्रिकेट दौरा संपल्यावर तिथेच थांबून ब्रिटिश रग्बी संघात सामील झाला. ऑगस्टमध्ये कर्णधार रॉबर्ट सेडन हंटर नदीत बुडून गेला आणि धुरा स्टॉडर्टकडे आली. त्या दौऱ्यात संघ रग्बीचे ३५ सामने खेळला, पण समोर राष्ट्रीय संघ नसल्याने त्यातला एकही या दहात धरलेला नाही.

१८८९चा सामना मात्र तो इंग्लंडकडून खेळल्याने धरला आहे, दौऱ्यावर आलेल्या, बहुतांश माओरी खेळाडूंच्या न्यूझीलंड नेटिव्ह्ज संघाविरुद्धचा. स्टॉडर्टची विजार फाटली, आडोसा म्हणून पाहुण्या खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं आणि तेवढ्यात इंग्लंडच्या एव्हरशेडने चेंडू पळवून ट्राय केला. पंच रोलंड हिल यांनी तो मान्य केला. ते स्वतः इंग्लंडच्या रग्बी युनियनचे सचिव! चिडून काही पाहुणे मैदानाबाहेर गेले. निकाल ७-० पाहून आजच्या हिशेबाने इंग्लंडने एकच ट्राय केला असं समजू नका : तेव्हा ट्राय १ गुणाचा होता, आणि इंग्लंडचे ट्राय होते ५; उरलेले २ गुण एका कन्व्हर्जनचे.