पहिली तलवार बोथटच घे

प्रिय पोरी,

पत्र मिळालं, फोटोही पाहिले. तिसऱ्या फोटोतली, पितळी मुठीची आणि आरशासारखी चकाकणारी तलवार तुझ्या मनात भरलीय, हे तू न लिहिताही कळलं. ती घेऊ नकोस.

भिंतीवर लावायची तलवार आणि हातात धरायची तलवार दिसायला बहिणी, पण जात वेगळी. शोभेचं पातं बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलचं असतं. गंजत नाही, म्हणून भिंतीवर छान. सुरीच्या लांबीला ते उत्तमच, पण हातभर लांब पात्याला जोराचा झटका बसला तर ते कचकन तुटू शकतं. खरी फसवणूक मात्र मुठीच्या आत असते. पात्याचा मुठीत शिरणारा भाग, त्याला आपण शेपूट म्हणू, अशा तलवारीत पेन्सिलीएवढ्या सळईचा असतो आणि तोही वेल्डिंगने जोडलेला. जोरात फिरवलीस की मूठ तुझ्या हातात राहील आणि पातं समोर जो कुणी उभा असेल त्याच्याकडे जाईल.

म्हणून विकणाऱ्याला आधी शेपटाबद्दल विचार. पातं आणि शेपूट एकसंध आहे का, शेपूट रुंद किती, मुठीच्या टोकाला ते ठोकून बसवलंय की नटाने आवळलंय? उत्तरं देताना तो चाचरला तर विषय तिथेच संपव. पोलाद कोणतं तेही विचार. १०६० म्हणाला तर त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो. ५१६० हे स्प्रिंगचं पोलाद, गाड्यांच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना वापरतात त्या जातीचं. वाकून परत सरळ होणं हाच त्याचा गुण. दोन्ही चालतील.

वजनाबद्दल तू लिहिलंयस, ‘जड असली म्हणजे खरी’. हे सिनेमाने डोक्यात भरवलेलं खूळ. एका हाताची तलवार किलोच्या आसपास असते, दोन हातांची दीड किलोच्या मागेपुढे. वजनापेक्षा तोल बघ. पातं आडवं करून बोटावर तोल. सरळ पात्याची तलवार परजेच्या, म्हणजे मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या पट्टीच्या, पुढे चार-पाच बोटांवर तोलली तर ती हाताचं ऐकते. वाकड्या, वार करायच्या तलवारीचा तोल त्याहून पुढे असतो, तो दोष नव्हे. मग मूठ धरून मनगटावर हलकी थाप मार. आत काही खुळखुळलं तर परत ठेव. आणि हो, पात्यावरची लांब पन्हळ रक्त वाहून जायला असते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. ती वजन कमी करायला असते.

आता धारेचं. पहिली तलवार बोथट घे. धारेच्या जागी दोनेक मिलिमीटर जाड कड आणि गोल केलेलं टोक असलेली, सरावासाठीच घडवलेली मिळते. त्याआधी काही महिने लाकडी. जपानी पद्धत शिकायची असेल तर इआइतो, म्हणजे सरावाची बिनधारेची जपानी तलवार, घे. तिचं पातं बहुधा जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, म्यानातून काढायला-घालायला शिकण्यापुरतं. ते कशावरही आपटायचं नाही.

बोथट म्हणजे निरुपद्रवी असं मात्र समजू नकोस. किलोभर लोखंड बोटाच्या हाडावर बसलं की धार आहे की नाही हे हाड विचारत नाही. जोडीदाराबरोबर सराव म्हणजे मुखवटा, गळपट्टा आणि जाड हातमोजे आलेच, ‘एकदाच, हळू करू’ म्हणतानाही. १९८२ साली रोममध्ये तलवारबाजीच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह खेळत होता. मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. समोरच्याचं पातं तुटलं, तुटकं टोक मुखवटा भेदून डोळ्यातून मेंदूत गेलं आणि काही दिवसांनी तो वारला. त्यानंतर मुखवटे आणि पाती दोन्ही बदलली. त्या पात्यालाही धार नव्हती. म्हणून सरावाआधी पात्यावरून बोट नव्हे, कापड फिरव. धागा अडकला तिथे खाच आहे. ती कानशीने घासून काढ. चीर दिसली तर पातं बाद.

माझ्या डाव्या अंगठ्याच्या बेचक्यातला व्रण तू पाहिला आहेस. तो लढताना झालेला नाही. सराव संपला होता, मी मित्राशी बोलत तलवार म्यानात घालत होतो आणि नजर त्याच्या तोंडाकडे होती. म्यानाचं तोंड धरलेल्या हातावरून धार सरकली. दुखलंही नाही, आधी सदऱ्यावर लाल ठिपका दिसला. पाच टाके. तेव्हापासून म्यान करताना मी बोलत नाही आणि कुणी बोलायला लागलं तर थांबतो. तूही थांब. काढताना म्यान मुठीत आवळून धरू नकोस, धारेच्या बाजूला बोटं येता कामा नयेत. लाकडी म्यानाचा सांधा पातं आतून चिरू शकतं.

तलवार हातातून निसटली तर झेलू नकोस. पाय मागे घे आणि पडू दे. हे वाचायला सोपं आहे, पण हात आपोआप पुढे जातो, म्हणून लाकडी तलवार मुद्दाम पाडून मागे सरकायची सवय लाव. घरात फिरवण्याआधी हात वर करून छत आणि पंखा बघ. दुसऱ्याला द्यायची तर म्यानासकट दे. तुझ्या भागात तलवार बाळगायचे नियम काय आहेत हे विकत घेण्याआधी विचार, नंतर नाही.

राहिली निगा. कार्बनच्या पोलादाला घामाचं बोटही पुरतं, दोन दिवसांत ठसा तांबूस दिसतो. हाताळल्यावर पुसायची आणि खनिज तेलाचा पातळ हात द्यायचा. चामड्याच्या म्यानात महिनोन् महिने ठेवायची नाही, चामडं ओल धरतं.

पुढचे फोटो पाठवशील तेव्हा पात्याचे नकोत. मुठीच्या टोकाचा पाठव, जवळून.

तुझा,
काका